जीवशास्त्राच्या प्रकल्पाला भरवशाचे संदर्भ मिळत नाहीत? एकेक करून तपासा

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या टेबलापुढे रांग लागते. वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, सगळीकडे शोधलं, काहीच मिळत नाही." मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे. बॉटनी, झूलॉजी आणि मायक्रोबायोलॉजीच्या मुलांची ही एकच तक्रार गेली सोळा वर्षं निस्तरते आहे. नव्या शैक्षणिक धोरणातून फील्ड प्रोजेक्ट आल्यापासून रांग आणखी लांबली. तेच ते सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

लक्षणं

- पबमेड या संशोधन पेपरांच्या ऑनलाइन सूचीत शून्य निकाल, आणि तेच शब्द गुगल स्कॉलरवर टाकले की हजारो.
- सारांश दिसतो, पण संशोधनाचा पूर्ण पेपर उघडायला गेलं की तीस-चाळीस डॉलर मागतात.
- कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडलेलं पान घरी मोबाइलवर उघडत नाही.
- गाइडने संदर्भयादी परत केली. चार ठिकाणी लाल गोल, शेजारी नुसतं प्रश्नचिन्ह.
- यादीतल्या पेपरला लेखक आहेत, वर्ष आहे, पान क्रमांकही आहे. फक्त तो पेपर जगात कुठेच नाही.

पहिली तीन लक्षणं न सापडण्याची, शेवटची दोन भरवशाची. बिघाड वेगळे, तरी तपासणी वरूनच सुरू करा, कारण सुरुवातीच्या तपासण्या फुकटच्या आहेत आणि निम्मी रांग तिथेच संपते.

१. कागदावर एक ओळ लिहा

"अडुळशाचे औषधी उपयोग" हा प्रश्न नाही, ती दुकानाची पाटी झाली. "अडुळशाच्या पानांच्या अर्काने अमुक एका जिवाणूची वाढ थांबते का?" हा प्रश्न. त्यात वनस्पती आहे, तिचा भाग आहे, कशावर परिणाम बघायचा ते आहे. हे तीन शब्द मिळाले की शोधायचे शब्द मिळाले. ते मिळत नसतील तर कॉम्प्युटर चालू करू नका, आधी गाइडशी पाच मिनिटं बोला. दोन दिवस वाचतात.

२. नाव तपासा

माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी सहा-सात तक्रारी इथेच मिटतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

मराठी नावाने शोधू नका, हे बहुतेकांना माहीत असतं. पण का, ते माहीत नसतं. 'ब्राह्मी' म्हणून कुणी बाकोपा मोनिएरी दाखवतं, कुणी सेंटेला एशियाटिका. दोन्ही झाडं वेगळ्या कुळांतली आहेत. एकीच्या नावाने शोधून दुसरीचे गुण लिहिलेला प्रकल्प मी बांधून आलेला पाहिला आहे, सोनेरी अक्षरांत.

खरी गोम पुढे आहे. शास्त्रीय नावंही बदलतात. अडुळशाचं आज मान्य असलेलं नाव जस्टिशिया अधाटोडा. पण जुन्या कितीतरी भारतीय पेपरांत तो अधाटोडा व्हॅसिका म्हणून आहे आणि काहींत अधाटोडा झेलॅनिका म्हणून. एकाच नावाने शोधलंत तर बाकीच्या दोन नावांखालचं सगळं काम तुमच्यापुरतं नाहीसं होतं. आवळा एंब्लिका ऑफिसिनॅलिस होता, आता फायलँथस एंब्लिका आहे. बाभूळ अकॅशियातून व्हॅचेलियात गेली, खैर सेनेगॅलियात. आपल्या अंगणातला बेडकासारखा दिसणारा भेक बुफो मेलॅनोस्टिक्टस होता, २००६ पासून डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. डटाफ्रायनस हे नाव सुशील कुमार दत्ता या भारतीय उभयचरतज्ज्ञांच्या नावावरून आहे. मुलांना हे सांगितलं की नवं नाव लगेच पाठ होतं.

तपासायचं कुठे? वनस्पतींसाठी लंडनच्या क्यू उद्यानाचं 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन', माशांसाठी 'फिशबेस', आणि बाकी कशासाठीही 'कॅटलॉग ऑफ लाइफ'. तिन्ही फुकट. नाव टाकलं की मान्य नाव आणि त्याची जुनी पर्यायी नावं समोर येतात. ती सगळी कागदावर उतरवा, स्पेलिंग बघून बघून. मग शोधताना प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत घाला आणि मध्ये मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'ऑर' (OR) टाका.

तरीही निकाल कमी वाटले तर रसायनाच्या नावाने जा. अडुळशातला मुख्य अल्कलॉइड व्हॅसिसिन. खोकल्याच्या औषधांतलं ब्रोमहेक्सिन त्याच्यावरूनच बेतलेलं आहे. 'व्हॅसिसिन' टाकल्यावर अडुळशाचं नाव शीर्षकात नसलेले पेपरही वर येतात. गेल्या वर्षी एका मुलीने एवढा एकच शब्द बदलला आणि अर्ध्या तासात तिची यादी दुप्पट झाली. पुढचे दोन दिवस ती माझ्याकडे चहा घेऊन येत होती.

३. कपाटापर्यंत चालत जा

हसू नका. पेपर कळण्यासाठी आधी पार्श्वभूमी लागते, आणि ती पाठ्यपुस्तकात आणि संदर्भ विभागातल्या जाडजूड ग्रंथांत असते. पेपर लिहिणारा ती कळलेली आहे असं धरूनच लिहितो.

मुलं इथे अडतात ती वर्गांकामुळे. पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देणाऱ्या ड्युई पद्धतीत ५७० जीवशास्त्र, ५८० वनस्पती, ५९० प्राणी, एवढं ठाऊक असतं. पण मासे ५९७ मध्ये आणि मत्स्यशेती ६३९ मध्ये. मधमाशी कीटक म्हणून ५९५ मध्ये, मधमाशीपालन ६३८ मध्ये. औषधी वनस्पती ५८१ मध्येही सापडतील आणि ६१५ मध्येही. बुरशीची तर गंमतच आहे. जुन्या आवृत्तीत ती वनस्पतींच्या शेजारी ५८९ मध्ये होती, नव्यात सूक्ष्मजीवांबरोबर ५७९ मध्ये गेली. जुनी पुस्तकं जुन्या जागी आणि नवी नव्या जागी, हा प्रकार बऱ्याच ग्रंथालयांत दिसेल, आमच्याकडेही आहे. म्हणून एका कपाटासमोर उभं राहून "पुस्तकच नाही" म्हणू नका. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवरच्या सूचीत, विषयाच्या शब्दाने शोधा आणि जितके वर्गांक येतील तितक्या कपाटांपाशी जा.

४. दार उघडं आहे का?

पैसे मागणारं पान दिसलं की पहिला नियम: पैसे भरू नका. विद्यार्थ्याने स्वतःच्या खिशातून पेपर विकत घ्यायची वेळ सहसा येत नाही. हे क्रमाने करून बघा.

एन-लिस्टचं तुमच्या नावाचं खातं आहे का? गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र कॉलेजांसाठी ई-नियतकालिकांची आणि ई-पुस्तकांची ही सेवा चालवतं. ती घरूनही चालते, पण खातं कॉलेजच्या ग्रंथालयातून मंजूर व्हावं लागतं. पहिल्या वर्षी अर्ज भरून पासवर्ड विसरलेले निम्मे निघतात, म्हणून पेपर 'बंद' आहे असं ठरवण्याआधी हे बघा.

२०२५ च्या जानेवारीपासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं तिच्यात आहेत. ती केंद्र आणि राज्य सरकारी संस्थांसाठी आहे, हे वाक्य मुलं वाचत नाहीत. सरकारी कॉलेजातल्या मैत्रिणीला उघडतो तो पेपर तुम्हाला का उघडत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. तुमची संस्था त्यात आहे की नाही, ते ग्रंथपालाला विचारा. मैत्रिणीचा पासवर्ड मात्र मागू नका. खातं तिचं बंद होतं.

दार खरंच बंद असेल तर खिडक्या बघा. गुगल स्कॉलरवर प्रत्येक निकालाखाली 'सगळ्या आवृत्त्या' अशा अर्थाची लिंक असते. ती दाबली की लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या साठ्यात ठेवलेली प्रत पुष्कळदा सापडते. पबमेडवर डाव्या बाजूला फुकट पूर्ण मजकुराची गाळणी आहे. ब्राउझरमध्ये 'अनपेवॉल' हे छोटं जोडसाधन बसवलं तर कायदेशीर मोफत प्रत असेल तिथे हिरवं कुलूप दिसतं. यातलं काहीच लागू पडलं नाही तर पेपरवर ज्या लेखकाचा ईमेल छापला आहे त्याला चार ओळी लिहा: मी कोण, कुठे शिकते, कुठला पेपर हवा. मुलांना याची फार लाज वाटते. पण आपला पेपर कुणीतरी वाचतंय म्हटल्यावर लेखकाला आनंदच होतो. माझ्या मुलांना उत्तरं आली आहेत, एकाला तर परदेशातून सोबत आणखी तीन पेपर आले.

एक ताकीद. कुठलंतरी सॉफ्टवेअर लावून रात्रीतून शेकडो पीडीएफ उतरवू नका. प्रकाशकाच्या सर्व्हरला ते लगेच कळतं. एका मुलाने हा पराक्रम केला आणि सगळ्या कॉलेजचा प्रवेश आठवडाभर बंद झाला. तेही सबमिशनच्या तोंडावर.

५. विहीर बरोबर आहे का?

पबमेडमध्ये साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत, पण ते अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं काम. वैद्यक, जैवरसायन, जनुकं, सूक्ष्मजंतू यासाठी उत्तम. पठारावरच्या रानफुलांची नोंद किंवा तलावातल्या माशांची यादी तिथे शोधणं म्हणजे सोनाराकडे नांगराचा फाळ मागणं.

भारतातल्या वन्यजीवांसाठी आणि वर्गीकरणासाठी कोइम्बतूरहून निघणारं 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा' बघा, सगळं खुलं आहे. मत्स्यशास्त्राला आणि शेतीला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं ई-पब्ज संकेतस्थळ आहे, 'इंडियन जर्नल ऑफ फिशरीज' तिथे फुकट मिळतं. पारंपरिक औषधी वापरावर काम असेल तर सीएसआयआरच्या निस्पर संस्थेच्या साठ्यात 'इंडियन जर्नल ऑफ ट्रॅडिशनल नॉलेज' आहे. 'करंट सायन्स' आणि बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची नियतकालिकं तर आहेतच. प्रबंध हवे असतील तर शोधगंगा. मात्र प्रबंधातला मजकूर उचलू नका, प्रबंधाच्या शेवटची संदर्भयादी उचला. दुसऱ्या कुणीतरी चार-पाच वर्षं खपून ती जमवलेली असते.

आणि जुनं काम लागलं तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ मध्ये काढलेला मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचा वर्णनग्रंथ, तिथे पानन् पान स्कॅन केलेला आहे. कॉलेजच्या प्रतीला वाळवी लागली तेव्हा मी स्वतः तिथूनच काम चालवलं.

गुगल स्कॉलरने सुरुवात करायला माझी हरकत नाही. शेवटही तिथेच करायला आहे, कारण ते चांगलं-वाईट वेगळं करत नाही. नियतकालिक बनावट असलं तरी तिथे त्याचा पेपर खऱ्या पेपराच्याच शेजारी बसलेला असतो.

६. संदर्भ अस्तित्वात आहे का?

ही तपासणी पाच वर्षांपूर्वी मला लिहावी लागली नसती. आता चॅटबॉटला "अडुळशावरचे दहा संदर्भ दे" म्हटलं की तो दहा देतो. त्यातले काही खरे असतात. उरलेल्यांत लेखक खरा, नियतकालिक खरं, पण पेपर बनवलेला. एका मुलीच्या चौदा संदर्भांपैकी पाच असे निघाले. तिने फसवलं नव्हतं, तीच फसली होती.

उपाय एका मिनिटाचा. प्रत्येक संदर्भाचा डीओआय, म्हणजे १० या आकड्यांनी सुरू होणारा तो लांबलचक क्रमांक, डीओआय डॉट ऑर्गवर टाका. तोच पेपर उघडला तर ठीक. दुसराच उघडला किंवा काहीच उघडलं नाही, तर शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधा. डीओआय नसणं हा गुन्हा नाही, कितीतरी जुन्या भारतीय पेपरांना तो नाही. पण मग त्या वर्षाच्या, त्या अंकाच्या अनुक्रमणिकेत पेपर दिसायला हवा. तिथेही नसेल तर खोडा, आणि मन घट्ट करून खोडा.

७. नियतकालिक खरं आहे का?

"मॅडम, आयएसएसएन आहे ना त्याला!" आयएसएसएन हा नियतकालिकाच्या नोंदणीचा क्रमांक आहे. गाडीला नंबरप्लेट आहे म्हणून ब्रेक लागतात असं होत नाही.

"केअर लिस्टमध्ये आहे" हेही अजून ऐकू येतं. यूजीसीने भरवशाच्या नियतकालिकांची ती यादी २०१९ मध्ये सुरू केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता तपासणी आपल्यालाच करायची आहे. मी काय बघते ते सांगते. तीन दिवसांत छापून देण्याची हमी आहे का? संपादक मंडळातल्या एका-दोघांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर या नियतकालिकाचा उल्लेख सापडतो का? एकाच अंकात मासे, मार्केटिंग आणि मराठी कविता सुखाने नांदतात का? खुलं नियतकालिक असेल तर डीओएजे या निर्देशिकेत आहे का? 'इम्पॅक्ट फॅक्टर', म्हणजे नियतकालिकातल्या पेपरांचे सरासरी किती दाखले दिले जातात तो आकडा, कुणी दिलाय? खरा आकडा क्लॅरिव्हेट या कंपनीच्या अहवालातून येतो. मिळतीजुळती नावं घेऊन आकडे विकणारे पुष्कळ आहेत.

हे किती दूरवर पसरलंय, याची एक गोष्ट मी दर वर्षी सांगते. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने 'सायन्स' या नियतकालिकासाठी एक खोटा पेपर रचला: दगडफुलासारख्या लायकेनमधल्या एका रेणूने कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखली, असा. चुका मुद्दाम ढोबळ ठेवल्या होत्या. ३०४ खुल्या नियतकालिकांकडे तो पाठवला, १५७ नी स्वीकारला. गोडा मसाल्यातल्या दगडफुलाचं नाव घेतलं की वर्गात सगळे कान टवकारतात.

८. पेपर स्वतः धडधाकट आहे का?

सगळ्यात अवघड तपासणी, कारण आता वाचावं लागतं. सारांश नाही, 'पद्धती' हा भाग. अर्क पाण्यात काढला की मिथेनॉलमध्ये? प्रयोग परीक्षानळीत झाला, उंदरांवर झाला की माणसांवर? परीक्षानळीतल्या निष्कर्षावरून "खोकला बरा होतो" असं लिहिलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता ओळ यायच्या आधीच कळतं.

वनस्पतीवरच्या पेपरात आणखी एक खूण शोधा. नमुना कुणी ओळखला, तो कुठल्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवला आणि त्याचा क्रमांक काय? हे लिहिलेलं असेल तर शंका आल्यावर कुणीही जाऊन ते वाळलेलं पान बघू शकतं. लिहिलेलं नसेल तर अडुळसा म्हणून नेमकं काय उकळलं, हे एका लेखकालाच माहीत.

पेपर मागे घेतला गेलाय का, तेही बघा. नाव मोठं असलं म्हणून सुटका नाही. एमएमआर लशीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा वेकफिल्ड यांचा पेपर 'लॅन्सेट'ने १९९८ मध्ये छापला आणि २०१० मध्ये मागे घेतला. तोवर बारा वर्षं लोक त्याचे दाखले देत होते. पबमेड अशा पेपरावर ठळक पट्टी लावतं. झोटेरो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये यादी ठेवलीत तर मागे घेतलेला पेपर ते आपणहून दाखवतं, संदर्भयादीही ठरलेल्या पद्धतीने छापून देतं. बायोआर्काइव्हवरच्या कच्च्या पेपरांची परीक्षणं झालेली नसतात, ते वापरलेत तर तसं लिहा.

कुठे थांबायचं

नमुनाच ओळखता येत नसेल तर शोध ताबडतोब थांबवा. चुकीच्या नावाखाली शंभर बरोबर संदर्भ जमवून उपयोग नाही. आधी विभागातल्या शिक्षकांकडे जा, आणि त्यांनाही शंका असेल तर त्यांच्या पत्रासह पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे. प्राणी असेल तर आकुर्डीचं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र. फोटोवरून ओळखणाऱ्या ॲपवर प्रकल्प उभा करू नका.

आठही तपासण्या करून पेपर हवाच आहे आणि मिळत नाही, तर ते काम ग्रंथपालाचं. आम्ही विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे विचारतो, डेलनेटसारख्या ग्रंथालयांच्या जाळ्यातून आंतरग्रंथालयीन देवघेवीने मागवतो. त्याला दिवस लागतात, म्हणून सबमिशनच्या आदल्या दिवशी येऊ नका. दोन चांगल्या पेपरांचे निष्कर्ष एकमेकांच्या उलट असतील तर मात्र माझ्याकडेही येऊ नका. तो निवाडा गाइडचा.

आणि कधीकधी प्रकल्प हे निमित्त असतं. मुलगा काविळीवरचे पेपर मागतो, आणि थोडं बोलल्यावर कळतं की वडील आजारी आहेत. तेव्हा मी कॉम्प्युटर बंद करते आणि त्याला डॉक्टरांकडे पाठवते. उंदरांवरच्या अर्काच्या पेपरातून घरातल्या माणसाचा डोस काढायचा नसतो.

बाकी कशासाठीही या, दुपारी जेवणाची वेळ सोडून. येताना तो पहिला कागद आणा: प्रश्नाची ओळ, आजचं नाव, जुनी नावं, कुठे शोधलं आणि काय शब्द टाकले. फक्त त्यावर "सगळीकडे शोधलं" असं लिहू नका.